मागच्या सीटवरचं वजन

त्या शुक्रवारी डायलिसिस करून आम्ही घरी आलो आणि आईनं गाडीतून उतरता उतरता मला सांगितलं, "सोमवारी मी न्हाई यायची. बास झालं आता."

मी "बरं, बघू" म्हणालो. वाद घालायलाही अंगात जोर लागतो, आणि तो शुक्रवारी दुपारी माझ्यात उरलेला नसतो. आमचं गाव पवना धरणाच्या अंगाला, तिकोण्याच्या पायथ्याशी. डायलिसिसचं सेंटर तळेगावात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा जायचं. रस्ता बरा असला तरी एक वेळचा सव्वा तास, मशीनवर चार तास आणि परत सव्वा तास. दोन वर्षं हे चाललं होतं. या दोन वर्षांत मी मुंबईला तर सोडाच, पुण्यालाही धड गेलो नव्हतो. कंपनीतली नोकरी सुटल्यावर मी पुन्हा शेती करायला लागलो होतो, पण खरं तर आईचा ड्रायव्हर हाच माझा धंदा झाला होता, आणि शेती उरल्या वेळात.

एक वार चुकला तर तिच्या पायांना सूज येते. दोन चुकले तर आडवं झाल्यावर श्वास लागतो. त्यापुढचं डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हा "बास झालं" या दोन शब्दांचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता, आईलाही.

शनिवारचा दिवस तिची समजूत घालण्यात गेला. चिंचवडच्या बहिणीचा फोन आला, ती आईशी दोन मिनिटं बोलली आणि माझ्याशी वीस मिनिटं रडली. आईला जगायचंच नाही का, तुम्ही घरात तिला काही बोललात का, असं तिनं विचारलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, या टप्प्यावर पेशंट निराश होतात, तुम्ही प्रेमानं बोला, बुधवारी आमच्याकडे समुपदेशक येतात. संध्याकाळी शेजारचे आबा आले. त्यांनी आयुष्य किती मोलाचं आहे हे तिला सांगितलं. आईनं त्यांना चहा दिला, आणि जे बहिणीला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं.

"मला काय झालेलं न्हाई. मशीनला माझी ना न्हाई. त्या गाडीनं माझी कंबर मोडली, म्हनून मी गाडीत बसायची न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं बघितलं. म्हातारी माणसं असंच काहीतरी कारण पुढं करतात, असं आम्ही तिघांनी न बोलता ठरवून टाकलं. गाडीचं तर मी महिन्यापूर्वीच बघून घेतलं होतं. आई डावीकडून दणका बसतो म्हणते, म्हणून तळेगावातल्या एका मोठ्या वर्कशॉपात गाडी टाकली होती. तिथं बसायला थंडगार खोली आणि कॉफीचं मशीन होतं. त्यांच्या माणसानं रिकामी गाडी चांगल्या रस्त्यावर फिरवून आणली, आवाज नाही म्हणाला, पुढचे दोन लहान रॉड बदलले, चाकांचं अलाइनमेंट केलं आणि सगळं ठीक असल्याचा छापील कागद दिला. तो कागद मी आईला दाखवलाही होता. त्यावर ती काही बोलली नाही, कारण तिला वाचता येत नाही, आणि मला त्या दिवशी ते सोयीचंच वाटलं.

आबा गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तू एकदा माझ्या जागेवर बसून बघ."

"मग गाडी कोण चालवणार?" मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

तरीही त्याच संध्याकाळी मी एका मिस्त्रींना फोन केला. समजूत घालायचा सगळा साठा संपला होता आणि गाडी तेवढी उरली होती, एवढंच कारण. जुन्या हायवेवर, कामशेत सोडून लोणावळ्याच्या बाजूला कार्ला फाट्याच्या आसपास त्यांची शेड आहे. कंपनीत असताना आमच्या बसचं काम ते करायचे. माणूस साठीच्या घरातला, कमी बोलणारा. रविवार म्हणजे त्यांचा हंगाम, कारण गड आणि धबधबे बघायला आलेल्यांच्या गाड्या खड्ड्यात आपटून त्यांच्याकडेच येतात. मी म्हटलं, भाऊ, मागून आवाज येतो, वेळ आहे का. त्यांनी विचारलं, आवाज कोणाला येतो. मी म्हटलं, आईला. मला येत नाही.

"मग त्यांना आना," ते म्हणाले. "ज्याला आवाज येतो त्यो मानूस लागतो. नुसती गाडी आनून उपेग न्हाई."

मी म्हटलं, तीच तर गाडीत बसायला तयार नाही. ते म्हणाले, मिस्त्रीनं बोलावलंय म्हणून सांगा, त्यांच्याबिगर काम अडलंय. मी तसं सांगितलं. आईनं बायकोला कपाटातलं हिरवं लुगडं काढायला सांगितलं.

रविवारी सकाळी निघालो. तिच्या जागेवर गोधडीची घडी घातली आणि मी बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. ती नेहमी मागं डावीकडं बसते. सेंटरच्या दारात त्या बाजूनं उतरायला सोपं पडतं, आणि येताना रक्तदाब खाली आलेला असतो, तेव्हा लवंडायला जागा लागते. डाव्या हाताला मशीनच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर केलेली आहे, तो हात उशीवर ठेवायचा. समोरून धरणावर तंबूत राहायला निघालेल्या गाड्यांची रांग होती. तरण्या पोरापोरींनी भरलेल्या, गाणी लावलेल्या. मला त्या दिवशी त्या सगळ्यांचा राग आला. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मिस्त्रींच्या शेडमध्ये आमच्या आधी दोन गाड्या होत्या आणि त्यातली माणसं बाहेर बाकावर वडापाव खात होती. हत्यारं अडकवलेल्या फळीच्या वर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. मिस्त्रींनी आमच्या गाडीकडं बघितलंच नाही. आधी आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडं वळवला, पाण्याचा तांब्या पुढं केला. ती म्हणाली, मला पाणी मोजून असतं. त्यांनी आग्रह न करता तांब्या उचलून ठेवला. मग स्वतः एक उलटा डबा घेऊन तिच्यासमोर बसले आणि विचारायला लागले. तुमी बसता कुठं. दणका बुडाला बसतो का पाठीला. एक बसतो का दोन. चढताना का उतरताना.

मी दोन वर्षं तिला डॉक्टरांकडं नेतोय. एवढे प्रश्न तिला एकदाही कोणी विचारलेले मी ऐकले नव्हते. डॉक्टर मला विचारतात आणि मी तिच्या वतीनं सांगतो. इथं मी तोंड उघडलं की मिस्त्री हात वर करून मला थांबवत होते. आणि आई सांगत होती, अगदी खुंटा हलवून घट्ट करावा तसं एकेक पक्कं करून सांगत होती.

"कामशेतच्या अलीकडं गतिरोधक हाय. चढताना काय न्हाई. उतरताना डाव्या अंगाला बसतो, हितं. एकच, पन हाडात जातो."

"आन येताना?"

"येताना कमी."

मिस्त्रींनी मला विचारलं, जाताना आणि येताना गाडीत फरक काय असतो. मी म्हटलं, काही नाही, तीच गाडी, तीच माणसं.

"जाताना तांदूळ असतो," आई म्हणाली.

ते खरं होतं. ते मी लपवत होतो असंही नाही, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. आमचा इंद्रायणी तांदूळ मी व्यापाऱ्याला देत नाही. तळेगावातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर घेतो आणि घरपोच देतो. आईला सेंटरवर सोडलं की चार तास मोकळेच असतात. त्या वेळात पोती पोचवायची. एका फेरीत दोन कामं. या हिशेबाचं मी पाहुण्यांमध्ये कौतुकही करून घेतलं होतं.

मिस्त्री म्हणाले, मग आधी गाडी सोमवारसारखी करू. त्यांनी कोपऱ्यातले जुने ब्रेक ड्रम गोणपाटात भरले आणि सहा पोत्यांच्या अंदाजानं डिकीत ठेवले. आईला तिच्या जागेवर बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पाठीमागं हात घालून सीटमागच्या पत्र्यावर पंजा टेकवला. मला गाडी चालवायला सांगितलं. काचा वर, गाणी बंद, बोलायचं नाही. आम्ही हायवे सोडून रेल्वे फाटकाकडं जाणारा खराब रस्ता धरला.

पहिल्याच खड्ड्यातून चाक वर आलं नि पुढं उतरलं तशी आई म्हणाली, "आता."

आणि तो आवाज मी ऐकला. खडखड नव्हती ती. खालून कोणीतरी घण घालावा तसा एकच जड ठोका होता. दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा ती "आता" म्हणाली, आणि पुन्हा तो आला. पाच-सहा वेळा झालं. एकदाही ती चुकली नाही. एवढे दिवस हाच आवाज माझ्या पाठीमागं चार फुटांवर होत होता. मी काच खाली करून गाणी लावून गाडी चालवायचो, आणि ती "दणका" म्हणाली की "रस्ताच तसा आहे" म्हणायचो.

"मावशी, तुमचं बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले.

मी आरशात बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं. महिनाभर हे वाक्य तिला कोणीच म्हटलेलं नव्हतं, छापील कागदानंही नाही.

शेडमध्ये गाडी उचलली, चाक काढलं. मिस्त्रींनी बॅटरी मारून मला खाली बोलावलं आणि एकेक दाखवायला लागले. डाव्या बाजूचा दणके झेलणारा शॉकअप तेलानं ओला होता आणि त्या तेलावर धूळ बसून चिखल झाला होता. म्हणजे आतलं तेल गळून गेलेलं. त्याच्या वरच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्याचा भुगा झाला होता. ठोका पडत होता तो तिथं, लोखंडावर लोखंड, आणि त्याच्या थेट वर आईची सीट. मग त्यांनी बॅटरी स्प्रिंगवर धरली. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाड काळं रबर बसवलेलं होतं.

"हे कोनी बसवलं?"

"मीच बसवून घेतलं," मी म्हणालो.

त्याचं असं झालं होतं. सहा पोती टाकली की गाडी मागून बसायची आणि गतिरोधकाला पोट घासायचं. एका टायरच्या दुकानात त्या माणसानं सांगितलं, स्प्रिंगमध्ये रबर टाका, गाडी वर राहील. टाकलं. गाडी खरंच ताठ उभी राहिली. मी तिचा बाजूनं फोटो काढून आमच्या भाचेमंडळींना पाठवला होता. आमच्याकडं तांदूळ, भाजी, पेंड वाहणाऱ्या निम्म्या घरगुती गाड्यांना हे रबर आहे आणि ज्यानं त्यानं ते आपल्या अकलेनं बसवलेलं आहे.

मिस्त्री रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटानं स्प्रिंगचे वेढे मोजून दाखवले. म्हणाले, स्प्रिंगचं काम दबायचं. तुमी निम्मे वेढे बांधून ठिवले, मग उरलेल्यांनी दुप्पट सोसलं. मग त्यांनी माझा हात धरून अगदी खाली, स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथं नेला. शेवटचा वेढा तुटलेला होता. तुकडा वाटीतच बसून राहिला होता आणि तुटल्या जागी गंज चढला होता, म्हणजे तुटून बरेच दिवस झालेले. रबरानं गाडी वर धरली म्हणून ती बाहेरून सरळ दिसत होती. वर्कशॉपवाल्यांनी सरळ उभी गाडी बघितली. त्यांचंही तसं चुकलं नव्हतं.

"रबर काढावं लागंल," मिस्त्री म्हणाले. "दोनी बाजूचे स्प्रिंग, दोनी शॉकअप नवे टाकू. गाडी मऊ व्हईल. पन दादा, मग सहा पोती आन मावशी, दोनी एका फेरीला नगं. येका येळेला एकच न्या."

आई खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. भाजी नको, आमटी पुरे, असं सांगावं त्या सुरात ती म्हणाली, "मग रबर राहू द्या मिस्त्री. तांदळाचं वजन सोसंल असं करा. मी काय, घरी बसंन."

मी भडकलो. खरं तर मला माझाच राग आला होता, पण तो निघाला तिच्यावर. बाकावरची माणसं खायची थांबली एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "तांदळासाठी मरणार आहेस का तू?"

"वरडू नगंस," ती म्हणाली. "तांदूळ जातो म्हनून तुझी फेरी परवडती. नुसत्या मला नेऊन आनलं की तुझा दिस फुकट जातो."

फुकट. तो शब्द तिचा नव्हता. तो माझा होता. उन्हाळ्यात एका बुधवारी कोणाचीच ऑर्डर नव्हती. परत येताना मी बायकोशी फोनवर बोलत होतो, आई मागं डोळे मिटून लवंडली होती, आणि मी म्हणालो होतो, आज तांदूळ पण नव्हता, फेरी फुकट गेली. मला वाटलं होतं ती झोपली आहे. मिस्त्रींच्या शेडमध्ये, हाताला ते काळं तेल लागलेलं असताना मला हे सगळं जसंच्या तसं आठवलं. गाडीचा दणका खरा होता. तिची कंबरही खरीच दुखत होती. पण महिनाभर तो सोसून मग शुक्रवारी ती "बास" म्हणाली, ते तिनं स्वतःला आणि पोत्यांना एका तराजूत घालून ठरवलं होतं, आणि तो तराजू मी तिच्या हातात दिला होता. मला मान वर करता येईना.

मिस्त्रींनी आमच्यात तोंड घातलं नाही. त्यांनी पहारीचं टोक वेढ्यात घातलं, साबणाचं पाणी सोडलं आणि रबर ओढून काढलं. मग उजव्या बाजूचं काढलं. कोणाला विचारलं नाही. दोन्ही रबरं बाकड्यावर ठेवून ते लोणावळ्याच्या पार्टवाल्याला फोन लावायला गेले.

पार्ट यायला वेळ लागला, रविवारची गर्दी ती. शॉकअपचा खालचा बोल्ट गंजून बसला होता. तो तापवला, ठोकला, तेल सोडलं, पुन्हा तापवला. मिस्त्रींचे गुडघे दुखत असावेत. खाली बसताना आणि उठताना ते दर वेळी गाडीला धरत होते. मी धरायला, उचलायला मदत केली. आईनं बरोबर आणलेली बिनमिठाची भाकरी कोरभर खाल्ली. दुपार उलटली तसे तिचे पाय खुर्चीवरून लोंबकळून भरायला लागले, मशीनविना दुसरा दिवस होता ना. मी एक डबा पालथा घालून तिचे पाय त्यावर ठेवले. तिनं ठेवू दिले. तेवढंच आमचं बोलणं.

सगळं बसवून झालं, चाकं लागली, गाडी खाली आली. मला वाटलं, संपलं. तर मिस्त्री म्हणाले, "मावशी, आता या तुमच्या जागेवर बसा."

मी विचारलं, पुन्हा फेरी मारायची का. ते म्हणाले, फेरी मागनं. आधी कसायचंय. बुशचे बोल्ट अजून ढिलेच ठेवले होते त्यांनी. गाडी उचललेली, चाकं लोंबकळत असताना बुश कसला तर तो त्याच स्थितीत आवळला जातो, आणि मग गाडीवर वजन आलं की कायमचा पिळलेला राहतो. लवकर फाटतो, गाडीही कडक चालते. म्हणून गाडी जमिनीवर टेकवून, रोज बसणारं माणूस रोजच्या जागी बसवून मगच शेवटचं आवळायचं. पुष्कळ मिस्त्री एवढं करत नाहीत. तिथं बसलेल्या पर्यटकांच्या गाडीला तर ते तीनचार माणसं बसवून कसणार होते.

मी स्टीअरिंगला बसलो. आई मागं डावीकडं बसली.

"आन डिकीत?" आईनं विचारलं.

"डिकी मोकळीच," मिस्त्री फळीवर आडवे होऊन गाडीखाली सरकत म्हणाले.

"माझं वजन ते किती," ती म्हणाली. "मशीनच्या आदी शेहेचाळीस, मशीनच्या नंतर चव्वेचाळीस. तेवढ्यानं काय व्हनार तुमच्या गाडीला."

खालून त्यांचा आवाज आला. "तेवढंच धरून कसतोय, मावशी. हलू नका."

ती हलली नाही. पाठ सरळ करून, उजवा हात मांडीवर आणि डावा उशीवर ठेवून फोटोला बसावं तशी बसली. पाना फिरायला लागला की त्याची थरथर सीटमधून मला जाणवत होती, म्हणजे तिलाही जाणवत असणार. डावीकडचा झाला, उजवीकडचा झाला. झालं म्हणून मिस्त्री बाहेर येईपर्यंत तिनं मानसुद्धा वळवली नाही.

घरी येताना मी तिला उद्याचं विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. सोमवारी सकाळी मी गुरांचं आवरून आलो, तर ती उशी घेऊन ओट्यावर बसलेली होती. मी ग्रुपवर टाकलं की तांदूळ यापुढं फक्त रविवारी मिळेल. कोणी होकाराचा अंगठा पाठवला, कोणी काहीच नाही. मग आम्ही निघालो. डिकी रिकामी.

कामशेतच्या अलीकडचा गतिरोधक आला. मी काचा वर घेतल्या होत्या. गाडी चढली, उतरली, आणि पुढं गेली. मागून काही आवाज आला नाही, ना गाडीचा ना तिचा. वडगाव येईपर्यंत ती गप्प होती. दोन वर्षं मी समजत होतो की तिला गाडीत बोलायला आवडत नाही. वडगावच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं.

"मी येत न्हाई म्हनलं, तवा तुला बरं वाटलं का रं?"

सिग्नल लाल होता. पुढं ट्रक उभा होता. काय बोलतेस, असं कसं वाटेल, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. बहिणीला मी तेच सांगितलं असतं, डॉक्टरांनाही. पण शुक्रवारी तिला घरात नेऊन टेकवल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो होतो, आणि सोमवारी आपल्याला कुठं जायचं नाही, बुधवारीही नाही, असं माझ्या मनात आलं होतं. खांदे हलके झाले होते. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही.

"वाटलं," मी म्हणालो. "थोडा वेळ."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढं घेतली. आरशात बघायचं मला धाडस झालं नाही.

"मलाबी वाटलं व्हतं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी दमलो होतो, ती माझ्याहून जास्त दमली होती, आणि हे आम्ही दोन वर्षांत एकमेकांना पहिल्यांदाच सांगत होतो. मग तिनं सीटवर पाय वर घेतले, उशी मानेखाली सरकवली आणि म्हणाली, जरा पडते, सेंटर आलं की उठव. तळेगाव येईपर्यंत ती खरोखर झोपली. तिला उठवावं लागलं.